अवतरणचिन्हं

ओहायोतल्या त्या तळघरात बारा महिने हिवाळा.
वर्डेल हारग्रोव्ह लोकरी कोट चढवते,
हातात पांढरे सुती मोजे,
आणि चारशे सोळा नंबरचा डबा उघडते.
वास येतो, बरणीत लोणचं नासावं तसा.
मूळ फिल्म कधीच जळाली,
ही तिची प्रत, तीही आता आंबतेय.
सहा रिळांचा मूकपट. पाचवं रीळ गायब.

चित्र सुरू होण्याआधी एक पाटी येते,
मागाहून चिकटवलेली, जोड अजून दिसतो.
काळ्यावर पांढरी अक्षरं, भोवती वेलबुट्टी,
एक वाक्य
आणि खाली गव्हर्नरचं नाव.
ते वाक्य मी इथे लिहिणार नाही.
लिहिलं की त्याला आणखी एक घर मिळतं.
एवढंच सांगते, त्यात ‘इतिहास’ हा शब्द आहे
आणि तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आहे.

गव्हर्नर असं बोलला होता का?
वर्डेल अकरा महिने शोधत होती.
पत्रांत सापडली गुडघेदुखी, घोड्याची किंमत,
मुलीच्या लग्नातलं शॅम्पेनचं बिल.
त्या संध्याकाळच्या पानावर डायरीत
‘पाऊस. मटण कच्चं.’
वाक्य पहिल्यांदा दिसतं ते जाहिरातीत,
सिनेमाच्या एजंटाने पैसे मोजून छापलेल्या.
तिथून बातमीत, बातमीतून शाळेच्या पुस्तकात,
पुस्तकातून एका प्राध्यापकाच्या तळटीपेत,
आणि तळटीप बोट दाखवते
पुन्हा त्याच बातमीकडे.
बोलविता धनी
तिकीटविक्रीतला आपला हिस्सा घेऊन केव्हाच गावाबाहेर.

गव्हर्नरच्या पणतूचं पत्र आलंय, जाड कागदावर.
आमचे पणजोबा असं बोललेच नव्हते,
कृपया दुरुस्ती व्हावी.
वर्डेल दुरुस्ती करेल. खोटं ते खोटं.
पण पणजोबा सहाही रिळं खुर्चीत बसून होते,
शेवटी उठून उभे राहिले,
टाळ्या वाजवल्या,
हे कुठल्या रकान्यात भरायचं?
टाळ्यांना अवतरणचिन्हं नसतात.

तिसऱ्या रिळात एक माणूस कुंपणावरून उडी मारतो.
तोंडाला जळक्या बुचाची काजळी, ओठांभोवती पांढरा पट्टा.
पळता पळता मान वळवतो
आणि कानामागे बोटभर जागा
गोरीच राहिलेली दिसते.
वर्डेल यंत्र थांबवते. दर वेळी इथेच.
माझ्या भाषेत तोंडाला काळं फासलं म्हणजे अब्रू गेली.
या माणसाने स्वतःच फासलं,
त्याचा पगार वाढला, पोस्टरवर नाव आलं.
अब्रू गेली ती
फ्रेममध्ये पाऊलही न ठेवलेल्या कुणाची.

तो कुणीतरी, म्हणजे समजा, अ‍ॅम्ब्रोज हारग्रोव्ह.
स्टेशनवरून हेच डबे हातगाडीवर घालून
थिएटरच्या मागच्या दाराशी उतरवायचा.
त्या आठवड्यात त्याच्या लोकांना बाल्कनीसुद्धा बंद होती.
शनिवारी रात्री खेळ सुटला
आणि गर्दी घरी न जाता ओढ्यापलीकडे गेली.
सकाळी न्हाव्याचं दुकान नव्हतं.
न्हावीही नव्हता.

लर्लीन आत्या सांगते, तेव्हा अ‍ॅम्ब्रोज म्हणाला,
‘डबे मीच ओढत आणले.’
थिओला आत्या म्हणते, छे,
तो पुढे मरेपर्यंत त्या रात्रीबद्दल चकार शब्द बोलला नाही,
नुसता बूट पुसत बसायचा.
कागद कुठलाच नाही.
वर्डेलने दोन कार्डं लिहिली,
एक गव्हर्नरचं, एक अ‍ॅम्ब्रोजचं,
दोन्हींवर एकच शिक्का: पुरावा नाही.
दुसऱ्यावर शाई जरा फिकट उमटली.
तिने पुन्हा मारला नाही.

मग मोजे काढून तिने डबे काट्यावर ठेवले,
पाचव्याचं वजन अंदाजाने धरलं,
गावाचा जुना नकाशा पसरून अंतर मोजलं
आणि फॉर्मच्या तळाशी, जिथे कुणी काही विचारलेलं नव्हतं, तिथे लिहिलं:
एकूण चोवीस किलो.
स्टेशन ते मागचं दार, सव्वा मैल.
चढ.