उजवीकडची खुर्ची

ऑक्टोबरात येतात ही मुलं,
तलावाच्या कडेला बर्फाची पहिली साय धरते
त्याच आठवड्यात.
खिशात व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स,
पायात शहरातले बूट.
मी त्यांना हातमोजे देतो, आणि फावडं.

एकोणीस वर्षं मी या धावपट्टीवर माल चढवतो.
इथून उत्तरेला रस्ता नाही.
बटाटे, डायपर, स्नोमोबाइलचे पट्टे,
कुणाची तरी नवी वॉशिंग मशीन,
आणि शहरातल्या इस्पितळात मेलेली
माझ्याच नात्यातली माणसं,
सगळं या विमानांच्या पोटातून घरी जातं.
मी स्वतः बसलो, की चाकं टेकेपर्यंत डोळे उघडत नाही.

मरीका बोयचुक डॉफिनहून आली.
आई शाळेची बस चालवते.
घर दुसऱ्यांदा गहाण टाकून तिनं लेकीला शिकवलं.
पंच्याण्णव हजार डॉलर.
आकडा मरीकानं मला पहिल्याच दिवशी सांगितला,
जसा कुणी आपला रक्तगट सांगून ठेवतं.

पैशांत तिला मोजताच यायचं नाही आता.
तासांत मोजायची.
शिकताना विमानाचा एक तास दोनशे साठ डॉलरला.
म्हणून हे बूट म्हणजे पाऊण तास,
कँटीनमधला बर्गर चार मिनिटं,
अक्कलदाढ काढली ती दीड तासाची,
"तोही वाऱ्याविरुद्ध," गालावर बर्फ धरून म्हणाली.

शाळेच्या माहितीपत्रकात होतं:
जगाला वैमानिक हवेत.
हवेतच. खोटं नाही.
पण हजार तास उडालेले हवेत,
आणि हजार तास उडायला
आधी कुणीतरी उडू द्यावं लागतं.
हिच्या लॉगबुकात दोनशे अकरा.
बाकीचे जमिनीवर, माझ्यासोबत,
पोती मोजत.

तोबियास जानेवारीत गेला.
विनिपेगमध्ये विमा विकतो म्हणे, बरं चाललंय.
बूट माझ्याकडे ठेवून गेला, अकरा नंबरचे,
परत येईन म्हणाला.
मी हो म्हटलं.

उणे एकेचाळीसमध्ये पहाटे पाचला
मरीका शिडीवर उभी राहून पंखावरचा बर्फ झाडायची
आणि ओठांत काही पुटपुटायची.
मला वाटलं, प्रार्थना असेल.
ती इंजिन बंद पडलं तर काय करायचं
त्याची यादी होती, क्रमानं.
ऐकून ऐकून मलाही पाठ झाली.
माझ्या काय कामाची!

वर्ष उलटलं.
कॅप्टन फ्रीसनच्या सहवैमानिकाला मोठ्या कंपनीनं उचललं.
फ्रीसन कॉफी घेऊन मालाच्या दाराशी आला,
पोत्यांकडे बघत म्हणाला,
"बोयचुक, गुरुवारी उजवीकडे बस."
बस, एवढंच.
ती आधी हातातलं पोतं चढवायला गेली.
मग गोदामामागे जाऊन आईला फोन केला.
बराच वेळ दोघीही बोलत नव्हत्या,
आणि थंडीत फोनची बॅटरी संपली.

पगाराचा कागद तिनं मला दाखवला.
तासाला माझ्यापेक्षा तीन डॉलर कमी.
मी आकडा पाहिला, घडी घालून परत दिला.
"पण घड्याळ उलटं फिरलं ना," ती म्हणाली,
"आता तासाचे पैसे ते मला देणार."
आईनं हिशोब मांडलाय:
असंच चाललं तर कर्ज फिटेल तेव्हा
मरीका त्रेचाळीस वर्षांची असेल.

गुरुवारी पांढरा शर्ट घालून आली
आणि पीठाची पोती उचलायला लागली.
म्हटलं, आज तरी राहू दे.
"वजनाचा तक्ता मलाच भरायचाय," म्हणाली,
"हातांनाही कळू दे."
शर्टावर पीठ घेऊनच वर चढली.

त्याच आठवड्यात नवा पोरगा आला.
लायसन्स आहे, बूट नाहीत.
मी कपाट उघडलं.
त्याचा पाय नऊचा.
अकरा नंबरचे अजून तिथेच आहेत.