एकाहत्तरावं मिनिट

दर फेब्रुवारीत, ऑस्टेंडच्या मासळीबाजारामागच्या थिएटरात
तो जुना सिनेमा लावतात. एकच आठवडा.
गोडलीव्ह तिकीट फाडता फाडता विचारते,
‘यंदा तरी सुटतील का रे तुझे चोर?’
मी म्हणतो, बघू.

तुझे चोर!
सव्वीस वर्षं मी बँकांची रोकड वाहणारी गाडी चालवली,
जाड काचा, कमरेला पिस्तूल,
आणि माझी म्हणावीत अशी जगात चार माणसं,
चौघंही दरोडेखोर, चौघंही पडद्यावरची.

फोन्स तिजोऱ्या उघडतो. कान लावून
पोलादाच्या पोटातलं ऐकतो,
बायको काय म्हणते ते मात्र त्यानं कधी ऐकलं नाही.
नेलेनं सगळा बेत सिगारेटच्या पाकिटावर लिहिला,
मग सिगारेट सोडायचं ठरवलं
आणि पाकीट दिलं समुद्रात भिरकावून.
इथे मी दर वर्षी हसतो, एकटाच.
रुलाँड खोटं बोलतो, गरज नसताना,
जेवलास का विचारलं तरी.
आणि ओडील. थोराड, मंद, एका पायानं अधू.
त्याला कशाला घेतलंय ते कुणालाच धड सांगता येत नाही.
‘तो आपल्यातला आहे,’ एवढंच नेले म्हणते
आणि पाव कापायला घेते.

बर्फाच्या कारखान्यातून भुयार थेट बँकेच्या पोटात.
सगळं सुरळीत. भीती वाटावी इतकं सुरळीत.
मग येतं एकाहत्तरावं मिनिट.
ऐन वेळी माशी शिंकते म्हणतात;
इथे साक्षात ओडीलच शिंकतो.

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो,
असलं भुयार दोन रात्रींत खणून होत नाही.
त्या काळच्या भोंग्याला शिंक ऐकू जात नाही.
गाडीसुद्धा चुकीची दाखवलीय, तिचं मागचं दार
डावीकडे उघडायला हवं.
सगळी थाप आहे, मला ठाऊक आहे.
तरी सत्तरावं मिनिट संपत आलं की
अंधारात मी माझंच नाक दाबून धरतो.

तिघं बोटीपर्यंत पोचतात. इंजिन चालू.
ओडीलचा पाय भुयारात अडकलाय.
कुणी काही बोलत नाही.
फोन्स एक सणसणीत शिवी देतो, आईवरून,
आणि इंजिन बंद करतो.
ती शांतता!
मग तिघं मागे फिरतात, घसरत, एकमेकांवर खेकसत,
रुलाँड म्हणतो, मला आधीच माहीत होतं असं होणार,
तेही खोटंच.
भुयाराच्या तोंडाशी कंदील, बूट, कुत्री.

लीव्हन अकरा वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसला.
उकडलेली अंडी आणायचा, मीठ वेगळ्या पुडीत.
एकदा पिशवीत सात हजार फ्रँक कमी भरले.
मोजणारं यंत्र आठवडाभर नोटा गिळत होतं,
मी पाहिलं होतं, दोनदा.
साहेबांनी मला आत बोलावलं: तू काय पाहिलंस?
मी म्हटलं, मी रस्ता पाहत होतो.
खरंच होतं ते.
खाली अंगणात गाडी उभी होती,
इंजिन चालू.

दिवे लागतात. गोडलीव्ह झाडू घेऊन येते.
‘सुटले?’
‘नाही.’
‘मग उद्या?’
उद्याचं तिकीट माझ्या खिशात असतं, तिलाही ते माहीत आहे.

चोराच्या मनात चांदणं, असं म्हणतात.
बाहेर धक्क्यावर दाट धुकं होतं,
समोरचा दिवासुद्धा दिसेना.
ट्राम येईपर्यंत मी उभा राहिलो
आणि मला सगळं लख्ख दिसत होतं,
अगदी त्या पुडीतलं मीठसुद्धा.