इकडील सर्व कुशल

लोकेश ओट्यावर वही उघडून
स्वतःची बेरीज करतो.
वयाचे दोन, पस्तिशीला अजून सात महिने आहेत म्हणून.
अनुभवाचे तीन.
भाषेचा एक, तोही धरमपेठेतल्या जर्मनच्या क्लासात
दोनदा नापास होऊन मिळवलेला.
सहा लागतात, सहाच भरतात.
"काठावर पास, ताई," म्हणतो.
दहावीलाही असंच म्हणाला होता
आणि पेढे मात्र पहिला आल्यासारखे वाटले होते.

हिंगण्याला एमआयडीसीत अकरा वर्षं
सीएनसीच्या काचेमागं शाफ्ट फिरताना बघतोय.
जेवायला बसला की ताटाच्या कडेवरून बोट फिरवतो
आणि सांगतो, हे ताट गोल नाही.
आई चिडते.
आम्ही त्याच ताटात जेवतो, आम्हाला ते गोलच दिसतं.

व्हिसा नोकरीचा नाही, नोकरी शोधायचा आहे,
हे पराते काकूंना सांगून सांगून मी थकले.
"म्हंजे तिकडे जाऊन बिनकामाचा फिरन?"
हो.
"अन् पैसे बी आपलेच दाखवायचे?"
हो काकू.
"मंग इथंच फिरला तर काय वाईट हाय?"
इथं फिरला तर गोळीबार चौक त्याला रिकामटेकडा म्हणेल.
तिथं रिकामं फिरायची रीतसर परवानगी,
शिक्का मारून,
एका वर्षाची.

तेरा लाख.
सहा बाबांच्या फंडातले,
चार माझ्या लग्नाचे (लग्न राहून गेलं, व्याज तेवढं वाढलं),
तीन सोसायटीचं कर्ज.
ते एका खात्यात गोठवून ठेवायचे,
म्हणजे त्या देशाची खात्री पटते
की हा माणूस आपल्या दारात उपाशी मरणार नाही.
मे महिना, शेहेचाळीस डिग्री,
पत्र्यावर पाय ठेववत नाही,
आणि आमच्या घरात गोठलेली अशी ही एकच गोष्ट.

आयटीआयच्या सनदेवर कुणा टायपिस्टनं
निनावेचं निनावी केलं होतं.
इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही.
आता कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली
स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं
की निनावी आणि निनावे ही एकच व्यक्ती आहे,
आणि ती व्यक्ती मीच, शपथेवर.
वकिलानं मान वर न करता विचारलं,
"पुरावा?"
लोकेशनं दोन्ही हात पुढं केले,
बोटांच्या पेरांत बसलेलं काळं ऑइल.
वकील म्हणाला, आधार कार्ड द्या.

रात्री तो कूलरसमोर उभा राहून बोलतो,
कारण कूलरच्या आवाजात चुका लपतात.
मी कुशल कामगार आहे.
मी कुशल कामगार आहे.
त्या भाषेत ते घशातून खरवडत येतं,
बाबा झोपेत कूस बदलतात.
मला आजोबांची भंडाऱ्याहून येणारी कार्डं आठवतात,
निळी शाई, पहिली ओळ ठरलेली:
इकडील सर्व कुशल, तिकडील कळवावे.
अलीकडे ती ओळ मला
वेगळ्याच अर्थानं वाचता येते.
त्याच्या पाळीतले चौघं गेले, दोघांचे कागद फिरतायत,
मशीन शिकाऊ पोरांवर चालू आहे.

मंगळवारी मुंबईची तारीख.
बॅग भरली नाही अजून, व्हिसा कुठं हातात आहे.
पण तो मला घरातलं एकेक दाखवू लागलाय,
सहज बोलता बोलता, बघू न देता की दाखवतोय.
मोटारीत हवा धरली तर पाणी कुठून ओतायचं.
मीटरच्या मागं फ्यूजची तार कुठं ठेवलीय.
काल कूलरचा पंखा उघडला,
पाना माझ्या हातात दिला.
मी जोर लावला तसा हसला.
"असं नाही ताई.
हा आटा उलटा आहे.
घट्ट करायला जाशील
तर सुटून येईल."