एकशेदहा नंबर

फेलिसियानो गुरुजी, आधी किक मारणं थांबवा.
पाय तुमचा आहे, पण किक तुटली
तर पार ओरुरोला जावं लागेल,
त्र्याऐंशीच्या होंडाची इथं कुणाकडे नाही.
बसा त्या टायरवर. कुत्रा चावत नाही.

तर चढावर दम टाकते.
आणि पहाटे, बादलीतलं पाणी गोठलेलं असताना,
चोक न लावताच सुरू होते?
मग गरम झाली की ठसके आणि काळा धूर.
बघा हा प्लग:
तव्याच्या बुडासारखा.
खायला भरपूर, श्वास नाही.

कार्बुरेटर कितीदा उघडलात? तीनदा?
स्क्रूंची डोकीच सांगताहेत.
आणि हे पायलट जेटचं भोक,
खरं सांगा, कशानं साफ केलंत?
चारांगोच्या तारेनं!
अहो, पितळ ते. तार घातली की भोक वाढतं.
डोळ्याला दिसत नाही,
इंजिनाला दिसतं.
फुंकायचं. नाही निघालं तर रात्रभर पेट्रोलात भिजवायचं.
माझ्या मामानं सुई घालघालून
अर्ध्या गावाच्या गाड्या बिघडवल्या
आणि दुरुस्तीचे पैसे दोनदा घेतले.
असो. हा नवा बसवते.

पण मुख्य दुखणं तिथं नाहीच.
सगळे आधी कार्बुरेटरच उघडतात,
चकाकतो ना, त्याच्यावर आळ घेता येतो.
सीटखालचा डबा कोण उघडतंय?

हं.

उंदरीण. राहून गेलेली.
किनोआचा भुसा, लामाची लोकर,
आणि हा कपटा तुमच्याच शाळेतला:
नवाचा पाढा, सहापर्यंत.
पुढचं तिनं खाल्लं.
फिल्टरचा स्पंज बोटात धरला तर रव्यासारखा गळतो,
निम्मं तर मिठागरावरचं मीठच.
नवा कापते, गादीचा, पण चांगल्या गादीचा.
तेल लावून दाबायचा, पिळायचा नाही.
दर महिन्याला रॉकेलमध्ये धुवायचा.
हो म्हणू नका, धुवा.

आता मेन जेट. ते भिंग द्या इकडे.
एकशेदहा.
गाडी आणलीत कुठून? आरिका?
वाटलंच.
तिथं बंदरावर हवा कशी दाट, पोटभर;
इथं पावणेचार हजार मीटरवर
हवेची नुसती साल.
तुम्ही तिला घेऊन वर आलात
आणि तिला कुणी सांगितलंच नाही.
अकरा महिने ती समुद्रावरच्या मापानं पितेय.

हसू नका.
दर मार्चमध्ये तुम्हीच पोरांना रांगेत उभं करता,
दीडशे वर्षांमागे गेलेला समुद्र परत मागायला.
माझी भाची प्लासिदा,
जिच्या डोळ्यांदेखत पूपोचं तळंसुद्धा आटलं,
घसा बसेपर्यंत ओरडते.
घरी येऊन विचारते, मावशी, लाट म्हणजे किती उंच?
मी काय सांगू. मीही पाहिली नाही.

सत्त्याण्णव घातलाय.
सुई एका खाचेनं खाली.
मारा आता किक. हळू.

...

थांबा, लगेच रेस देऊ नका.
तिला जरा स्वतःची स्वतः चालू दे.

पैसे शुक्रवारी. बटाटे चालतील,
सुकवलेले नकोत, ते घरी आहेत.
हा एकशेदहा कागदात बांधून देते, फेकू नका.
कधी उतरलात खाली समुद्रावर
तर हाच लागेल. सत्त्याण्णववर तिथं
हवाच हवा होईल आणि इंजिन तापून मरेल.
प्लासिदाला न्या मागे बसवून.

तार मात्र परत देत नाही.
चारांगोला नवी आणा.