लास्ट कोण?

शलाकाचा डावा हात मशीनला दिलेला असतो
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास,
म्हणून पानं मी उलटतो, उजवीकडून डावीकडे,
आणि कंपनीनं ऐरोलीला फुकट शिकवलेलं जपानी
राजावाडीत खर्च करतो.

यातले राक्षस धावत नाहीत.
दात नाहीत, नखं नाहीत, रक्ताचा तर त्यांना कंटाळा.
ओले केस नीट विंचरलेले
आणि चेहऱ्याच्या जागीही पुन्हा मानच,
त्यामुळे आपल्याकडे बघतायत की पाठ करून उभेत
ते शेवटपर्यंत कळत नाही.
ते फक्त तुमच्यामागे रांग लावतात.
मुलगी बिस्किटं घ्यायला थांबली, मागे एक.
बुटाची नाडी बांधली, तीन.
शाळेच्या जिन्यात अकरा, प्रत्येकाच्या मुठीत ओलं टोकन.
कुणी ढकलत नाही. हीच तर भीती, शलाका म्हणते,
घाटकोपरला कोण न ढकलता उभं राहतं?

एका पानभर चौकटीत नुसती तीन अक्षरं: शांततेचा आवाज.
त्यांच्याकडे त्यालाही शब्द आहे.
मी पेन्सिलीनं लिहिलं, ‘किर्र’.
“किर्र म्हणजे रातकिडे, दादा. खोड.”
‘चिडीचूप’ तिला बालवाडीचं वाटलं.
मग म्हणाली, मशीन मध्येच बंद पडतं
आणि सिस्टर चप्पल वाजवत येईपर्यंत
जे ऐकू येतं ना, ते लिही.
मी बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत बसलो.

नवव्या भागात गावातले सगळे संपलेत.
मुलगी पुलावर. मागे रांग, पार बंदरापर्यंत.
पळायला फक्त पुढे जागा, आणि पुढे पूल तुटलेला.
ती वळते. एकेका मानेला ओलांडत चालत जाते,
सॉरी म्हणत, खांदा चुकवत,
आणि अगदी टोकाला, शेवटच्याच्या मागे जाऊन उभी राहते.
पहिल्यांदाच त्या मानांवर काटा येतो.

दहावा भाग अजून आला नाही.

शुक्रवारी केसपेपरच्या खिडकीशी आमचा नंबर दुसरा होता,
पहाटे पाचपासून धरलेला.
शलाकानं माझ्या हातातून फाइल घेतली,
पिशवी घेतली, पाण्याची बाटली,
आणि गेली मागे, खांब, पाणपोई, झोपलेला कुत्रा ओलांडत
थेट गेटपर्यंत.
“लास्ट कोण?” तिनं विचारलं.
एका म्हाताऱ्यानं हात वर केला, न वळता.
तिथून ती माझ्याकडे बघून हसली.