ताबा

कुरखेड्याच्या कॉलेजात रविवारी
कायद्याचा सर्टिफिकेट वर्ग भरते.
पदवी लागते म्हणे. होती माझ्याकडे.

बोरकुटे सर फळ्यावर लिहितात :
मालकी वेगळी, ताबा वेगळा.

रिटायर तलाठी मान डोलावतात.
रैनूदादा कुमरे वहीच्या समासात
मोहाची झाडं मांडत बसलेत,
ग्रामसभेची किती, वनखात्याची किती.
माझी बी.ए. माझीच,
पण चौदा वर्षं पेटीत, वाळवीच्या ताब्यात.

मागच्या बाकावर छबिला.
ती काहीच लिहीत नाही.
तिचा लेक सहाचा झाला, सासरी.

सर म्हणतात, उदाहरण सांगा कोणी.

व्हरांड्यात शिपाई किल्ल्या वाजवतो,
शेवटची एसटी साडेचारची.
वर्ग असा चूप,
कूलरचं पाणी ठिबकताना ऐकू येते.