खड्याची जागा

यादी तिने फ्रिजवर लावली होती,
मक्याच्या कणसाच्या चुंबकाखाली,
दंतवैद्याच्या तारखेशेजारी.
(ती तारीख आता हुकणार, हे तिने त्यांना
आठवडाभर आधी फोन करून कळवलं.)
आईने आयुष्यभर याद्याच केल्या :
चर्चच्या जेवणाच्या, बियाण्यांच्या, देणगीदारांच्या,
आणि त्या देणगीदारांच्या यादीतच
अकरा वर्षं
थोडं थोडं कमी लिहीत गेली.

चष्मा, एकच.
औषधं, स्वतःचं नाव असलेल्या बाटलीत, दारातच जमा.
रोख रक्कम, तिची पावती मिळेल.
फोन नंबर, हाताने कागदावर लिहिलेले.
धर्मग्रंथ एक, जाड पुठ्ठ्याचा चालणार नाही.
लग्नाची अंगठी, साधी, खडा नसलेली.

बायबल होतं ते पुठ्ठ्याचं, नॉर्वेजियन, विटेएवढं.
"मग देव मऊ बांधणीतला घ्यावा लागेल," म्हणाली,
आणि पेट्रोलपंपावरच्या दुकानात
तो चार डॉलरला मिळाला,
च्युइंगमच्या शेजारी.

चाळीस मैल. नोव्हेंबर.
नॉर्थ डकोटाची सूर्यफुलं कापून झालेली,
उरलेल्या काही मुंड्या खाली घालून उभ्या
दोन्ही बाजूंना.
हीटरची गरम हवा तिने स्वतःच्या गुडघ्यांकडे वळवली.
"तुझा नंबर सांग," म्हणाली.
इतकी वर्षं ती माझ्या फोटोवर बोट ठेवायची,
नंबर तिला कधी लागलाच नव्हता.
मी सांगितला. तिने लिहिला.
मग उलटा म्हणून दाखवला, शेवटच्या आकड्यापासून,
बेरीज पडताळावी तसा.

काउंटरवर टिबेट्सचा धाकटा होता,
कधीकाळी तिच्या रविवारच्या वर्गात बसणारा.
"मिसेस ओकरलंड," तो म्हणाला,
मग घसा साफ करून, "ओकरलंड, वर्ना."
कोट काढला. मफलर. घड्याळ.
कोटाच्या खिशातून पेपरमिंटची अर्धी गुंडाळी,
रबरबँड, रुमाल.
त्याने लिहून घेतलं, कागद तिच्याकडे सरकवला, सही करा.

ती सही करीना.
चष्मा नाकावर चढवून
ओळ न् ओळ वाचत राहिली,
मागे रांगेत कुणीतरी जांभई दिली.
"रुमाल दोन आहेत, केली. तू एक लिहिलायस."
त्याने पिशवी उपसली. दोन होते.
खोडलं, बाजूला अद्याक्षरं टाकली, तिने बोट ठेवलं तिथेच.
"हिशेब बरोबर असावा," आई म्हणाली,
आणि कुणीच हसलं नाही हे पाहून
स्वतःच थोडी हसली.

अंगठीपाशी गाडं अडलं.
हिरा अठ्ठ्याऐंशी साली गेला होता, चर्चच्या मोरीत,
तीनशे माणसांच्या बशा धुताना.
बाबांनी नळी उघडली, चाळण लावली,
रात्रभर गाळ चिवडला, सापडला नाही.
उरली ती चार नखं, रिकामी,
कशाला तरी धरून असल्यासारखी.

केलीने त्यांवरून अंगठा फिरवला.
"खडा नाहीये," आई म्हणाली.
"हो, पण खड्याची जागा आहे."
त्याने वरिष्ठांना फोन लावला, लागला नाही.
पुन्हा लावला.
तिघं जण आम्ही
त्या बारक्याशा खळग्याकडे बघत उभे.

शेवटी तिनेच ती माझ्याकडे सरकवली,
पावती न घेता.
तिच्या बोटावर पांढरा पट्टा राहिला,
तो कुणी लिहून घेतला नाही.

दार बंद होताना ती मागे वळली असेल नसेल,
मी तेव्हा तिचा कोट घडी करत होते,
कोट मात्र न्यावाच लागतो म्हणाले, त्यांच्याकडे जागा नसते.

परतताना अंगठी माझ्या करंगळीत.
स्टिअरिंग वळवलं की नखं बाहीच्या लोकरीत अडकायची.
मी सोडवायची.
पुढच्या वळणावर
पुन्हा.